मध्यस्थाची उमेदवारी



‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीने बळकावला आहे. पण कारखान्यातल्या जुन्या माणसांना त्याचा दुसरा अर्थ ठाऊक आहे. फिटरच्या हाताखाली, साचेकाराच्या हाताखाली, टर्नरच्या लेथशेजारी जो पोरगा दोनतीन वर्षे काढतो तो उमेदवार. त्याला पहिल्या दिवशी कोणी लेथ चालवायला देत नाही. तो आधी बघतो, मग हत्यार पुढे करतो, मग साहेबांचे लक्ष नसताना हात चालवून पाहतो, आणि एक दिवस त्याचा स्वतःचा हात बसतो. आज मला एका निराळ्याच कसबाच्या उमेदवारीविषयी बोलायचे आहे. ते कसब म्हणजे भांडणाऱ्या दोन पक्षांच्या मध्ये बसून त्यांचे त्यांच्याकडूनच मिटवून घेण्याचे, म्हणजे मध्यस्थीचे. हे कसब आपल्या महाराष्ट्रात कोणी शिकवले, कुठे शिकवले, आणि आज ते शिकवणाऱ्या जागा उरल्या आहेत काय, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. न्यायाधीश निकाल देतो. तो पक्षांना मान्य असो वा नसो, पाळावा लागतो. लवादही निकालच देतो. फरक इतकाच की त्याला दोन्ही पक्षांनी आपल्या राजीखुशीने नेमलेले असते. मध्यस्थ मात्र निकाल देत नाही. त्याच्या हातात दंड नाही, हुकूम नाही, शिक्का नाही. दोन्ही पक्षांनी ‘होय’ म्हटल्याखेरीज त्याचे काम पुरे होत नाही. कामगार कायद्यात यालाच समेट म्हणतात आणि ते करणाऱ्या सरकारी माणसाला समेट अधिकारी. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याला कसब जास्त लागते, हे उघड आहे. आणि नेमके हेच कसब आपण सर्वांत कमी शिकवले.

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्याच काळात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी पुण्यात लवाद कोर्टही चालवले होते. लोकांनी सरकारी कचेरीत पैसा आणि वर्षे घालवू नयेत, आपसांत मिटवावे, ही त्यामागची कल्पना. म्हणजे व्याख्यान ऐकणे आणि तंटा मिटवणे या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच पिढीने नागरिकांच्या कामात धरल्या होत्या. पहिली परंपरा गावोगाव पसरली आणि वरठीपर्यंत आली. दुसरीचे काय झाले, ते पाहू.

कामगारांच्या बाबतीत आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करावा लागतो. लोखंडे मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुटी मालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. सहा वर्षे हा माणूस अर्ज, सभा, साक्षी आणि भेटी यांत होता. पुढे १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला तेव्हा शांततेसाठी वस्त्यांतून फिरणाऱ्यांत हेच लोखंडे होते. लोक त्यांना आपला पुढारी म्हणतात ते खरेच. पण माझ्या मते ते आपल्या कामगारवर्गाचे पहिले मध्यस्थही होते. त्यांना हे कोणत्या शाळेने शिकवले? गिरणीच्या स्टोअरने शिकवले. मालाची नोंद, साहेबाचा स्वभाव आणि कामगाराची गरज ही तिन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर रोज एकाच खिडकीतून जात होती.

परंतु गिरणीत ‘मधला माणूस’ म्हणून जो रोज भेटत असे तो लोखंड्यांसारखा नव्हता. तो मुकादम, म्हणजे जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, दस्तुरी घेणारा तोच, आणि तंटा झाला तर साहेबाकडे बोलणाराही तोच. दलालाची मिळकत सौद्यावर असते. सौदा कोणाच्या गळ्यात पडतो याची त्याला पर्वा नसते. त्यामुळे मधल्या माणसाविषयी कामगाराच्या मनात जो संशय बसला, तो आजतागायत पुरता गेलेला नाही. मध्यस्थाला शिकवायचे तर पहिला धडा हाच : आपण दलाल नाही, हे बोलून नव्हे तर वागून दाखवणे.

१९१८ साली अहमदाबादला गिरणी कामगारांचा संप झाला. एका बाजूस मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूस कामगारांच्या पाठीशी त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, आणि तिच्यामागे गांधीजी. मालक वीस टक्के वाढ देत होते, कामगार पस्तीस मागत होते. शेवटी प्रकरण प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेले आणि पस्तीस टक्के मान्य झाले. १९२० पासून तेथे कायमचे लवाद मंडळच बसले. कामगारांकडून गांधीजी आणि मालकांकडून मंगळदास गिरधरदास. ही व्यवस्था पुष्कळ वर्षे नावाजली गेली. पण तीत एक उणीव होती, ती सांगितली पाहिजे. मोठ्या माणसांच्या नैतिक वजनावर ती उभी होती. असे वजन वारसाने मिळत नाही आणि वर्गात शिकवताही येत नाही. साध्या माणसांना करता येईल अशी रीत हवी होती.

ती रीत शोधण्याची पाळी मुंबईवर आली, आणि ती फार मोठ्या किमतीने आली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप चालला. सहा महिने चिमण्यांतून धूर निघाला नाही. संपसमितीच्या सतरा मागण्या होत्या. हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमल्यावर संप मिटला, आणि समितीचा अहवाल १९२९ च्या मार्चमध्ये आला. पण अहवाल आला म्हणून विश्वास आला नाही. त्याच वर्षी पुन्हा संप झाला. १९२९ चा व्यापारी तंट्यांचा कायदा होता, परंतु त्यात चौकशी कोर्ट किंवा समेट मंडळ नेमायचे ते तंटा पेटल्यावर. आग लागल्यावर बंबवाल्याच्या नोकरीची जाहिरात द्यावी, तसा हा प्रकार होता.

याच सुमारास जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयीचे शाही कमिशन देशभर फिरत होते. आपले नारायण मल्हार जोशी त्याचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने स्पष्ट सांगितले की तंटा विकोपाला जाण्यापूर्वी, अगदी सुरुवातीला, सरकारी समेट अधिकाऱ्याने मध्ये पडावे. मुंबई सरकारने हे कायद्यात आणले ते १९३४ सालच्या दुसऱ्या मोठ्या संपानंतर. मुंबई व्यापारी तंटे समेट कायदा, १९३४. या कायद्याने गिरणी कामगारांसाठी ‘लेबर ऑफिसर’ हा नवा अंमलदार आला. त्याने कामगाराची तक्रार ऐकायची, गिरणीत जायचे, मालकाशी बोलायचे. आणि न मिटल्यास प्रकरण समेटाकडे न्यायचे. आपल्या इलाख्यात पगारी, पूर्णवेळ, पेशाने मध्यस्थ असा माणूस जन्मला तो येथे.

त्याचे शिक्षण काय झाले होते? लेबर ऑफिसरसाठी शाळा नव्हती. महसूल आणि फौजदारी कामावर वाढलेल्या राज्यकारभाराने एका दिवसात निराळ्या जातीचे काम निर्माण केले आणि ते करणारा माणूस त्याच कारभारातून उचलला. मुकादमाला वळसा घालून थेट साहेबाशी बोलता येते हे कामगारांना नवल वाटले. त्याचबरोबर हा माणूस युनियन पोखरण्यासाठी आणला आहे असा पुढाऱ्यांचा आरोपही होता. दोन्ही गोष्टींत तथ्य होते. जो मध्यस्थ संघटनेला बाजूस सारून एकेका कामगाराचे भले करू लागतो, तो तंटा मिटवत नाही, पुढे ढकलतो.

आता मुंबई सोडून आपल्या स्टेशनावर येऊ. आपले भंडारा रोड स्टेशन वरठीतच आहे, आणि ही लाइन एके काळी बंगाल नागपूर रेल्वेची, म्हणजे बी. एन. आर. ची. या रेल्वेवर १९२७ साली आणि पुन्हा १९३६-३७ साली मोठे संप झाले. त्या काळात बी. एन. आर. च्या कामगार युनियनचे एक प्रमुख पुढारी होते वराहगिरी व्यंकट गिरी. हेच गिरी पुढे १९५२ साली देशाचे मजूरमंत्री झाले आणि १९६९ साली राष्ट्रपती. रेल्वेच्या रुळांवर शिकलेला धडा त्यांनी मंत्रालयात नेला. नैनीतालच्या १९५२ च्या मजूर परिषदेत त्यांनी जी भूमिका मांडली तिला ‘गिरी दृष्टी’ असे नाव पडले. तिचा सारांश असा : सक्तीचा न्यायनिवाडा कामगारांचा मोठा शत्रू आहे. कोर्ट आयते मिळाले की दोन्ही पक्ष बोलणे विसरतात. मालक वकील करतो, युनियनही वकील करते, आणि कामगार तारखा मोजत बसतो. म्हणून बोलणी, समेट आणि खुशीचा लवाद यांनाच वाढवा. त्यांचे हे म्हणणे सरकारला पूर्णपणे पटले नाही. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरबदल केला तेव्हा गिरींनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

गिरींच्या म्हणण्याचा एक भाग मला फार मोलाचा वाटतो. बोलणी ही सवय आहे. ती न वापरली तर जाते. हात न चालवणाऱ्या फिटरचा हात जसा जड होतो, तशी कोर्टाच्या भरवशावर राहिलेल्या युनियनची आणि कंपनीची जीभ जड होते.

आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. मध्यप्रांताने १९४७ साली आपला स्वतंत्र औद्योगिक तंटे निवारण कायदा केला, आणि त्याच वर्षी सगळ्या देशाचा औद्योगिक तंटे कायदा आला. त्याआधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांचे खाते उभे राहिले. रेल्वे, खाणी, बंदरे यांतले तंटे मिटवण्यासाठी समेट अधिकारी नेमले गेले. आपल्या तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी याच केंद्रीय कक्षेत येतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात खाणीच्या माणसाने केंद्राच्या अधिकाऱ्याकडे आणि कारखान्याच्या माणसाने राज्याच्या अधिकाऱ्याकडे जायचे.

समेट चालतो कसा, हे बाहेरच्या नागरिकाला सहसा ठाऊक नसते, म्हणून सांगतो. युनियन मागण्यांचे पत्र देते. उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज जातो, अथवा संपाची नोटीस जाते. अधिकारी दोघांना तारीख देतो. १९४७ च्या कायद्यात एक शहाणी तरतूद होती. कंपनी आणि युनियन यांनी आपसांत करार केला तर तो फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. पण समेट अधिकाऱ्यासमोर करार झाला तर तो त्या कारखान्यातल्या सर्व कामगारांना, उद्या कामावर लागणाऱ्यांनासुद्धा, बांधतो. कारखान्याच्या बोलीत पहिल्याला ‘टू-पी’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘ट्वेल्व्ह-थ्री’. त्या खोलीत बसलेल्या पाचसहा माणसांच्या बोलण्यावर हजार घरांची पुढच्या तीनचार वर्षांची चूल ठरते.

अशा खोलीत मी प्रथम गेलो तेव्हा मला बोलायची परवानगी नव्हती. आमच्या युनियनचे वयोवृद्ध सरचिटणीस मला बाजूस बसवत आणि सांगत, “तू फक्त त्यांच्या हिशेबनिसाकडे पाहत जा.” साहेब बोलत असे मोठ्याने; पण कोणत्या आकड्याला हिशेबनीस मान खाली घालतो आणि कोणत्याला साहेबाच्या कानाशी लागतो, त्यावरून कंपनी किती सोसू शकते ते कळे. बाहेर आल्यावर सरचिटणीस विचारत, “काय पाहिलं गा?” मी सांगत असे. अशी दोन वर्षे गेली. मी शाळा नववीत सोडली होती. पण या दोन वर्षांच्या तोडीचा वर्ग मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. यालाच मी उमेदवारी म्हणतो.

या जिल्ह्याची दुसरी शाळा म्हणजे विडीचा कारखाना, आणि खरे सांगायचे तर विडीचे घर. बाई घरी विड्या वळते, सट्टेदाराकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणते, आणि वळलेल्या विड्या मोजून देते. तेथे रोजचा तंटा दोनच गोष्टींचा : पान कमी किंवा फाटके दिले, आणि विड्यांत छाट जास्त काढली. हजार विड्यांमागे थोड्या जरी बाद झाल्या तरी त्या बाईच्या दिवसाच्या कमाईला कात्री लागते. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात नेमक्या याच तंट्यांसाठी, म्हणजे कच्चा माल देणे, विड्या नापसंत करणे आणि नापसंत विड्यांची मजुरी यांसाठी, झटपट निकालाची निराळी तरतूद केली होती. पण सगळ्या छाटीचे तंटे कचेरीपर्यंत जातात थोडेच! पुष्कळ तंटे सट्टेदाराच्या ओट्यावरच मिटत. एखादी जाणती बाई टोपले पुढे ओढी, बाद केलेल्या विड्या एकेक हातात घेई, आणि म्हणे, “ही खरी बाद, ही मात्र पानच ओलं होतं म्हणून अशी झाली, पान कोणी दिलं?” पुरावा हातात धरून दोघांनाही दाखवायचा, दोष माणसावर न टाकता कारणावर टाकायचा. मध्यस्थाच्या आजच्या अभ्यासक्रमात जे मोठ्या शब्दांत सांगतात ते या बायांना ओट्यावर येत होते. त्यांना मध्यस्थ म्हणून कोणी नोंदले नाही, आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जात आहे.

शिक्षणाच्या संस्था झाल्याच नाहीत असे मात्र नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. १९४७ साली मुंबई सरकारने कामगार अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी परळला बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. आज ती नारायण मेघाजी लोखंड्यांचे नाव धारण करते, हे योग्यच झाले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आवश्यक केला, तेव्हा या संस्थांच्या पदवीधरांना कामे मिळाली. आणि १९५८ साली कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात होते. त्याची रचना नामी होती. मंडळाने शिक्षणाधिकारी तयार करायचे, त्यांनी कामगारांतूनच कामगार-शिक्षक तयार करायचे, आणि त्या शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात सोबत्यांचे वर्ग घ्यायचे. पुढे या मंडळाला दत्तोपंत ठेंगडींचे नाव दिले गेले.

या सगळ्या संस्थांचे उपकार मानूनही एक गोष्ट नोंदवतो. त्यांनी अधिकारी तयार केले, पुढारी तयार केले, शिक्षक तयार केले; पण दोन्ही बाजूंची पोरे एकाच बाकावर बसवून मधला माणूस तयार करणे हे कोणाचेच मुख्य काम नव्हते. मालकाचा अधिकारी एका वर्गात शिकला, कामगार दुसऱ्या वर्गात, आणि सरकारी अधिकारी तिसऱ्या. तिघे एकत्र आले ते थेट भांडणाच्या दिवशी.

याची किंमत १९८२ साली दिसली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी जाहीरच झाले नाही. त्याविषयी मतभेद पुष्कळ आहेत. मी येथे एकच बाजू पाहतो. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी धंद्यात वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला होता, आणि संपावर गेलेला कामगार दुसऱ्याच्या मागे उभा होता. कायद्याच्या टेबलावर जी खुर्ची होती तिच्यावरच्या माणसाचे कामगार ऐकत नव्हते, आणि ज्याचे ऐकत होते त्याला खुर्ची नव्हती. अशा वेळी कसलेला मध्यस्थ काय करतो? तो टेबलाबाहेर बोलणे चालू ठेवतो. निरोप नेतो, निरोप आणतो, कोणाचेही नाक न कापता परतीची वाट ठेवतो. असे वजन असलेला, दोघांनाही चालणारा माणूस त्या वेळी उभा राहिला नाही. मध्यस्थ असता तर संप मिटलाच असता असे मी म्हणत नाही. पण अडीच लाख घरांचा प्रश्न असताना मध्ये उभे राहायला माणूस नसावा, ही त्या शहराच्या अर्धशतकाच्या कामगार कायद्याची मोठी हार होय.

आता आजच्या दिवसाकडे येतो. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात समेट अधिकाऱ्याला पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, आणि संपाची नोटीस असेल तर चौदा दिवसांची. समेट फसला तर सरकारच्या हवाल्याची वाट न पाहता पक्षाला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार निवारण समिती, आणि तीत दोन्ही बाजूंचे सारखे सभासद, असे त्यात आहे. संहितेच्या बऱ्यावाईटाविषयी आम्हा युनियनवाल्यांची तक्रार निराळी आहे, ती आज येथे मांडत नाही. मात्र एवढे लक्षात घ्या की गिरींना ज्याची भीती वाटत होती ती कोर्टाची वाट अधिक सरळ झाली आहे, आणि मधल्या माणसाच्या हातात मोजके दिवस आहेत. दिवस कमी तेव्हा हात अधिक बसलेला हवा.

शिवाय मध्यस्थी आता एक स्वतंत्र पेशा होऊ घातली आहे. दिवाणी दाव्यांत कोर्टाने पक्षांना समेटाकडे पाठवण्याची तरतूद २००२ च्या जुलैपासून अंमलात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २००५ पासून मध्यस्थांसाठी चाळीस तासांचे प्रशिक्षण रूढ केले. २०२३ साली संसदेने मध्यस्थी कायदाच केला, आणि शेजारपाजारचे, वस्तीवस्तीचे तंटे तीन मध्यस्थांच्या मंडळाकडून मिटवण्याची कल्पनाही त्यात घातली. त्याआधी २००७ साली महाराष्ट्राने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली होती. तिच्या पाट्या गावाच्या वेशीवर आपण सर्वांनी वाचल्या आहेत. तिने पुष्कळ बांधाचे तंटे मिटवले. तसेच कित्येक ठिकाणी पुरस्कारासाठी दुबळ्याला गप्प बसवले गेले, हेही गावकरी खासगीत सांगतात. शांतता आणि गप्प बसणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने मध्ये बसू नये.

चाळीस तास हे काही थोडे नाहीत. त्यांत कान कसा द्यावा, प्रश्न कसा विचारावा, गुप्तता कशी पाळावी, हे शिकवता येते. पण चाळीस तासांत लेथ येत नाही, तेव्हा माणसे कशी येतील? अडचण अशी की उमेदवारीच्या जागा एकामागून एक बंद झाल्या. १८७७ साली सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. तिच्याबरोबर समेटाच्या खोलीत तीन पिढ्या बसलेली माणसे पांगली. आज वरठीच्या पोलाद कारखान्यापासून गडेगावच्या मोटारींच्या कारखान्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात धंदा आहे. पण सगळीकडेच आजचा तरुण पुष्कळदा ठेकेदाराकडे असतो, ठेका बदलला की त्याचा मालक बदलतो. त्याचा तंटा नेमका कोणाशी, हे ठरवण्यातच समेटाचे दिवस जातात. अशा तरुणाला सरचिटणीसाच्या शेजारी दोन वर्षे बसायला कोण देणार?

म्हणून माझे मागणे मोजके आहे. पहिले, प्रत्येक समेटाच्या बैठकीत दोन्ही पक्षांच्या संमतीने एकेक उमेदवार बसू द्यावा. त्याने बोलू नये, गुप्तता पाळावी, आणि बैठकीनंतर अधिकाऱ्याने त्याला दहा मिनिटे द्यावीत. दुसरे, कंपनीचा, युनियनचा आणि सरकारचा असे तिघे शिकाऊ एकाच वर्गात बसवावेत, आणि त्यांच्याकडून बाजू बदलून बोलणी करून घ्यावीत. युनियनच्या पोराने एकदा मालकाचा ताळेबंद मांडावा, आणि कंपनीच्या पोराने चौदा हजारांत महिना कसा काढायचा ते लिहून दाखवावे. तिसरे, ताळेबंद वाचायला शिकवावे. आकडा न वाचणारा मध्यस्थ ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे झुकतो. चौथे, विडीच्या ओट्यावर ज्यांनी शेकडो तंटे मिटवले अशा बायांना शिक्षक म्हणून बोलवावे, आणि त्यांना मानधन द्यावे. पाचवे, मध्यस्थाचे वेतन एका पक्षाच्या खिशातून कधीही येऊ नये. येथे दलालीचा जुना संशय आड येतो, आणि तो यावाच.

माझेच सोबती मला विचारतील की मध्यस्थ वाढले तर संपाची धार जाणार नाही काय? माझे उत्तर असे की धार नसलेल्या पक्षाशी कोणी समेट करीत नाही, त्याला हुकूम देतो. दोन्ही बाजूंना ताकद असेल तेव्हाच मधल्या माणसाला काम असते. संघटना ही समेटाची पहिली अट आहे. पण संप पुकारणे जितके अवघड, त्याहून तो मानाने मिटवणे अवघड आहे, हे ज्यांनी तिसऱ्या महिन्यात घरातले धान्याचे डबे वाजवून पाहिले आहेत त्यांना विचारावे.

आणि तुम्हा नागरिकांना एवढेच सांगतो. तुमच्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त रेल्वेवाले आहेत, दुकानदार आहेत. कारखान्याचा संप हा कारखान्याच्या फाटकाआड राहत नाही. तो तुमच्या उधारीच्या वहीत आणि तुमच्या वर्गातल्या रिकाम्या बाकावर उतरतो. तेव्हा मध्यस्थ घडवणे हे एकट्या सरकारचे किंवा युनियनचे काम नाही. या गावातल्या दहा मुलामुलींना वर्षभर समेटाच्या उमेदवारीला बसवायचे ठरवा. त्यांतली दोन जरी या कसबात टिकली, तरी पुढच्या भांडणाच्या दिवशी मध्ये ठेवायला आपल्याकडे दोन खुर्च्या असतील आणि त्यांवर बसायला आपली माणसे असतील.